डाव्या हाताची मूठ

तुमची तेरवी होऊन नऊ दिवस झाले. मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला, वैशाली पुण्याला तिच्या घरी गेली, आणि भिंतीवर तुमचा फोटो राहिला. फोटोत तुम्ही हसता आहात. लेकीने तो कुठून शोधून काढला देव जाणे. चौतीस वर्षांच्या संसारात माझ्यासमोर तुम्ही असे हसल्याचं मला आठवत नाही, तेव्हा कॅमेरा धरणारा कोणी बाहेरचाच असणार.

बाहेरच्यांसाठी तुम्ही फार चांगले होता. तेरवीच्या सकाळी ते मला पुन्हा एकदा नीट दाखवून देण्यात आलं. आपल्याकडे असल्या जेवणाची भाजी चिरायला शेजारच्या बायका येताना आपापला चाकू घेऊन येतात. अंगणात सतरंजी घातली, बायका बसल्या आणि पिशव्यांतून चाकू निघाले. अकरा चाकू, आणि अकराच्या अकरा तुम्ही मूठ बसवलेले. कोणाची मूठ शिसमाची, कोणाची सागाची, प्रत्येकीला पितळेचे दोन रिवेट. शेजारच्या कुसुमताईंचा अंगठा वाताने वाकडा झाला आहे, तर त्यांच्या मुठीला त्या वाकड्या अंगठ्यापुरती खळगी. जिची मूठ तिच्याच हातात बसावी, दुसरीने घेतली तर टोचावी, असं काम. आणि त्या अकराजणींच्या मधोमध तुमची बायको बसली होती नागपूरला बर्डीच्या फुटपाथवरून आणलेला, हिरव्या प्लॅस्टिकच्या मुठीचा चाकू घेऊन.

कुसुमताई म्हणाल्या, "काय वं ताई, आजच्या दिवस तरी भाऊच्या हातचा चाकू घ्याचा होता." मी म्हटलं, माझ्या मापाचा नाही. त्यांना वाटलं मी दुःखात काहीतरी बरळते आहे. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मग कोहळ्यांपाशी सगळं अडलं. अख्खं कोहळं बाईने फोडायचं नाही, पहिला घाव पुरुषाने घालायचा, मग बाकीच्या चिरफाडीला आम्ही मोकळ्या. या घरात आलेल्या प्रत्येक कोहळ्यावर पहिला घाव तुमचा असायचा. तेवढी एक गोष्ट स्वयंपाकघरात तुम्ही न चुकता केली. अकरा धारदार चाकू हातात घेऊन अकरा बायका पुरुषाची वाट बघत बसल्या. शेवटी जावयाला बोलावलं. त्याने दोन फोडली, तेवढ्यात चाकू घसरला, बोट थोडक्यात वाचलं, आणि तिसरं तसंच राहिलं. ते आज सकाळपर्यंत पलंगाखाली होतं.

तुमचं वेड कधी सुरू झालं ते मला आठवतं. वैशाली दुसरीत होती, आपण अजून कोराडीला कॉलनीत राहत होतो. पॉवर हाउसच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर लोखंड घासून तुमचं पोट भरत नसे म्हणून तुम्ही कळमेश्वरच्या भंगारवाल्याकडून मशीनवरची जाड, झिजलेली आरीपाती आणायचे आणि मागच्या व्हरांड्यात घासत बसायचे. पातं कोणीही घासेल, असं तुम्ही म्हणायचे. खरं काम मुठीचं. आणि मूठ बसवायची तर आधी हात कळला पाहिजे.

त्यासाठी तुम्ही काढलेली युक्ती सगळ्या कॉलनीत गाजली. कणिक घट्ट मळायची, त्यात मूठभर मीठ घालायचं म्हणजे मुंग्या लागत नाहीत. तो गोळा पात्याच्या मागच्या पट्टीवर थापायचा, धार चिंधीत गुंडाळायची, आणि ज्याचा चाकू त्याला म्हणायचं, धरा, भाजी चिरता तसा धरा. बोटांचे ठसे उमटले की तो गोळा दोन दिवस उन्हात वाळवायचा आणि त्याच्यावरून लाकूड उतरवायचं. लोक मजेने यायचे, आपला हात कणकेत दाबून जायचे, तुम्ही चिठ्ठीवर नाव लिहून ठेवायचे.

कणिक कोण मळत होतं? हे तेरवीला कोणी बोललं नाही. वीस-बावीस वर्षांत कॉलनीतल्या, नंतर घर बांधलं त्या लेआउटमधल्या, तुमच्या बहिणींच्या, भाच्यांच्या, दूधवाल्याच्या बायकोच्या, सगळ्यांच्या हातांसाठी मी कणिक मळली. तुम्ही ओट्यावर बोटाने ठकठक करायचे आणि मी परात ओढायची. घट्ट झाली तर परत, सैल झाली तर परत.

माझा पहिला चाकू तुमच्याच मुठीवर बेतलेला होता. तुमचा पंजा केवढा, माझा केवढा. तो धरला की माझी करंगळी हवेत राहायची. मी एकदा म्हटलं, जी, माझ्याही हाताचं माप घ्या. तुम्ही कानशीवरून नजर उचलली नाही. म्हणालात, "घरच्या माणसाचं काय माप घ्याचं, रोज तं पाहून राहिलो तुया हात." दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तुमची धाकटी बहीण आलेली होती, तिच्या मुठीवर तुम्ही पॉलिश पेपर मारत होता. मी म्हटलं, मला ही मूठ मोठी होते. तुम्ही तो चाकू माझ्या हातातून घेतला, स्वतःच्या हातात धरून पाहिला, परत दिला आणि म्हणालात,

"मूठ बराबर हाये. हात बदल तुया."

तुमची बहीण हसली. तिला तुम्ही फोटोतल्यासारखेच हसताना दिसत असाल. मी चौथीच्या वर्गाला शिकवते, माझ्या एका शब्दावर पन्नास पोरं गप्प बसतात. त्या दिवशी मी गप्प बसले.

पुढे त्याच चाकूने माझं बोट कापलं. खोल गेलं होतं. तुम्ही माझं बोट रुमालात आवळलं, मला स्कूटरवर मागे बसवलं आणि एप्रिल महिन्याच्या भर दुपारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर जेवायला गेले होते. अर्धा तास आपण बाकावर बसलो, आणि तो अर्धा तास तुम्ही माझा हात सोडला नाही. रक्त थांबलं तरी सोडला नाही. तुमच्या कपाळावर घाम होता, आणि तो उन्हाचा नव्हता, हे मला तेव्हाच कळलं. घरी आल्यावर तुम्ही काय केलं? चाकूला आणखी धार लावली. बोथट चाकूच कापतो, म्हणालात. ते खरंही आहे. पण अर्धा तास माझा हात तुमच्या हातात होता. माप घ्यायला तेवढा पुरे होता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी बर्डीला उतरले आणि प्लॅस्टिकच्या मुठीचा चाकू घेतला. तुम्ही तो पाहिला, दोन बोटांनी उंच धरलात, मेलेली पाल धरतात तसा. पण फेकला नाही. दर रविवारी माझ्या नकळत त्याला धार मात्र लावून ठेवत होता. असलं तुमचं चांगुलपण. त्याच्याशी ना भांडता येतं ना सुखाने राहता येतं.

आणि राखेचं सांगते, कारण ते कोणालाच माहीत नाही. कोराडीच्या पॉवर हाउसची राख आपल्या लेआउटपर्यंत येते. सकाळी अंगणात ठेवलेल्या माझ्या स्कूटीच्या सीटवर बोट फिरवलं तर रेघ उमटते. पण मी शाळेत जायला निघायची तेव्हा सीट पुसलेली असायची. तुम्ही कधी बोलला नाहीत, मीही विचारलं नाही. तुम्ही लग्नाकार्याला गावाला गेलात की सीटवर राख असायची, एवढ्यावरून मी ताडलं. परवा त्या राखेवर तशीच बसून मी बाजारात गेले. साडीला मागे मोठा करडा डाग पडला. घरी येऊन त्या डागापाशी मी रडले, तेरवीला रडले नव्हते तेवढी.

तरी मी तुम्हाला माफ केलं असं कोणी समजू नये.

लकव्याने तुमची उजवी बाजू गेली तेव्हा मला काय वाटलं, हे बाई माणसाने लिहू नये असं असेल. पहिले पंधरा दिवस मी नुसती घाबरलेली होते. नंतर तुम्ही बसायला लागलात, अर्धं तोंड वापरून बोलायला लागलात, आणि माझ्या आत कुठेतरी एक हिशेबी बाई जागी झाली. तुम्हाला भरवताना मी घास मोठे करायची. तुम्ही ओट्याकडे बघून डाव्या बोटांनी पलंगाच्या दांडीवर ठकठक केलं की मी मुद्दाम कुकरची शिटी होईपर्यंत थांबायची.

मग ती दुपार. वैशाली आलेली होती. तिने तुमच्यासाठी पेरू आणले होते आणि तुम्हाला ते स्वतः कापायचे होते. तुमचा जुना चाकू तिने तुमच्या उजव्या हातात दिला, बोटं एकेक करून मिटवली. चाकू घसरून चादरीवर पडला. तिने पुन्हा दिला, पुन्हा पडला. तुम्ही माझ्याकडे पाहिलं आणि जड जिभेने म्हणालात, "मूठ... मोठी होऊन राहिली. लहान करा लागते."

मी दारात उभी होते. उत्तर शोधावं लागलं नाही, वीस वर्षं ते तोंडात तयार होतं. "मूठ बराबर हाये," मी म्हटलं. "हात बदला तुमचा."

वैशालीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिची आई नाही. तिला मागचं काही ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं. तुमचं अर्धं तोंड वर गेलं. लकव्यानंतर तुमचं हसणं आणि रडणं चेहऱ्यावरून वेगळं काढता येत नव्हतं, म्हणून ते काय होतं हे मला आजवर कळलं नाही. तुम्हाला विचारायची सोय होती, दोन महिने होती, मी विचारलं नाही.

तुम्ही मात्र माझा शब्द खाली पडू दिला नाही. हात बदललात. वैशाली गेल्यावर तुम्ही भिंत धरत धरत मागच्या व्हरांड्यात जायला लागलात. एक भोकं पाडून ठेवलेलं पातं निवडलं, धावड्याच्या लाकडाचा जुना तुकडा काढला, त्याच्या दोन पट्ट्या कोणाकडून तरी चिरून घेतल्या, त्या व्हाइसच्या जबड्यात धरून डाव्या हाताने कानस मारायला लागलात. चार हात मारून झाले की थांबायचं, दम घ्यायचा, परत चार. मी शाळेतून आले की कानशीचा आवाज ऐकू यायचा आणि मी मुद्दाम मिक्सर लावायची.

एका सकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलात. चौकटीवर डाव्या बोटांनी ठकठक केलं. म्हणालात, "कणिक दे जराशी."

मी म्हटलं, "पोळ्या झाल्या. कणिक सरली."

तुम्ही भिंत धरत परत गेलात. पुन्हा मागितली नाहीत. ठशाशिवाय, अंदाजाने लाकूड उतरवत राहिलात. पट्ट्या तयार झाल्या तेव्हा गोंद लावायला दुसरा माणूस लागणार होता, कारण एका हाताने शिकंजा आवळता येत नाही. तुम्ही म्हणालात, जरा धरशील? मी म्हटलं, उद्या. पेपर तपासायचे आहेत. दुसऱ्या दिवशीही म्हटलं, उद्या. असे किती उद्या झाले ते मी मोजले नाहीत. एका सकाळी चहा आणला तर तुम्ही उठलाच नाहीत. मी तीन हाका मारल्या. तिसरी रागाने मारली.

तेरवीनंतर वैशालीला व्हरांड्यात त्या पट्ट्या सापडल्या. ती त्या ओढणीत गुंडाळून घेऊन आली, डोळे भरून आलेले. "आई, पाह्य ना, केवढी लहान मूठ आहे. बाबा तुझ्यासाठीच करून राहिले होते. डाव्या हाताने." कुसुमताई तिथेच होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मलाही वाटलं. खोटं कशाला बोलू? मी त्या पट्ट्या पात्याला दोन्ही बाजूंनी लावून उजव्या हातात धरल्या आणि लगेच कळलं. अंगठ्याची खळगी उलट्या बाजूला होती. लहान होती ती तुमच्या दुखण्यात सुकलेल्या हातापुरती लहान. माझ्यासाठी नव्हती, मरतानाही नव्हती. ते मी वैशालीला सांगितलं, खळगी दाखवली, म्हटलं हा तुझ्या बापाचा डावा हात आहे. ती चिडली. म्हणाली, "त्यांचं काहीच चांगलं ठेवायचं नाही का तुले?" त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही. मी तिला खोटा बाप देऊ शकले असते. दिला नाही. तुम्ही असता तर तुम्हीही दिला नसता, एवढं मात्र आपल्या दोघांचं सारखं होतं.

ती गेल्यावर मी व्हरांड्यात गेले. मूठ बसवायला घेतली. का, ते मला विचारू नका.

तुम्ही मला हे काम एक दिवस शिकवलं नाही. पण चहाचा कप हातात घेऊन, तुमचं लक्ष जाईपर्यंत तुमच्या मागे मी किती वेळ उभी राहिले असेन याचा विचार करा. मला सगळं येत होतं. पात्याची पट्टी पॉलिश पेपरने खरबरीत करायची, गुळगुळीत लोखंड गोंद धरत नाही. दोन ट्यूबमधला गोंद सारखा घ्यायचा, डोळ्यांनी नाही, मोजपट्टी ठेवून. धारेला कापडी चिकटपट्टी गुंडाळायची. रिवेट आधी बसवून पाहायचे. मी सगळं केलं, शिकंजा लावला, आणि आवळताना तुम्ही डोळ्यांपुढे आलात. मी आवळला. आणखी आवळला. दोन्ही हातांनी, दात खाऊन आवळला.

दुसऱ्या दिवशी शिकंजा काढला आणि ओट्यावर मूठ जरा आपटली, तर एक पट्टी खळकन सुटून पडली. गोंद सगळा बाहेर येऊन कडेला वाळला होता, आत कोरडं लाकूड. तुमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही हेच सांगायचे, "आवळू नको गा. जास्त आवळलं का गोंद पळून जाते, मंग धरत नाही कोनी कोनाले." किती मऊ आवाजात सांगायचे. लाकडाशी, गोंदाशी, परक्या पोरांशी तुम्ही ज्या आवाजात बोलायचे तो आवाज मी फक्त चहा घेऊन उभी असताना ऐकला.

सगळं खरवडलं, परत केलं. या वेळी हलक्या हाताने. शिकंजा टेकवला आणि सोडून दिला. तिसऱ्या दिवशी रिवेटवर छोट्या हातोडीने टकटक केली, लाकूड तडकणार नाही अशी. मग जवसाचं तेल कोमट करून चोळलं. धावड्याला रंग चढला. चांगली झाली मूठ. तुमचा हात असता तर तिच्यात बसला असता.

जवळजवळ बसला असता. करंगळीची खाच एक सूत मागे सरकली आहे. मी हाताने चाचपून पाहिलं, डोळे मिटून पाहिलं, सरकलीच आहे. तुमच्या हातून इतक्या वर्षांत अशी चूक झाली नव्हती.

आज सकाळी पलंगाखालचं कोहळं ओढून काढलं. अजून आठवडाभराने ते खराब झालं असतं. कुसुमताई म्हणाल्या, माझ्या मुलाला पाठवते फोडायला. मी म्हटलं, नको. तुमचा हा नवा चाकू घेतला. उजव्या हातात तो फिरतो, टोचतो, अंगठा कुठे ठेवावा कळत नाही. मग डाव्या हातात घेतला. आयुष्यात डाव्या हाताने मी काही चिरलेलं नाही. पातं सालीत अडकलं, निघालं, परत अडकलं, सगळं अंग टाकून दाबलं तेव्हा कोहळं फुटलं. वाकडं फुटलं, एक फोड मोठी, एक लहान. मूठ बराबर होती जी. हात बदलला मी.

भाजी आता शिजते आहे. पोळ्यांसाठी कणिक मळून ओल्या फडक्याखाली ठेवली आहे, आणि तिच्याकडे बघूनच हे सगळं लिहायला बसले.

त्या दिवशी कणिक होती. स्टीलच्या डब्यात, असल्याच फडक्याखाली. दोन पोळ्यांची होती. तुमच्या डाव्या हाताला पुरली असती.